खोलीतला सिव्हिल सर्जन

मरणाला भिणारी माणसं जगात काही कमी नाहीत. पण मरण ज्या ज्या वाटेने येऊ शकेल ती प्रत्येक वाट हुडकून, तिला कडी घालून, ती कडी नीट बसली की नाही हे पुन्हा ओढून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच खोलीत राहायला आला. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. यवतमाळला कॉलेज नवंनवं निघालं होतं आणि आमचं वसतिगृह म्हणजे एका जिनिंगवाल्याचं कापसाचं गोदाम होतं. मध्ये अर्ध्या विटेच्या भिंती घालून त्याच्या खोल्या केल्या होत्या. मी केळापूरकडच्या एका खेड्यातून आलेला, तो ढाणकीचा. बाप अडत्या, घरात धान्याची पोती, आणि मुलाच्या डोक्यात जंतूंची. पहिल्या दिवशी मी ट्रंक खाली ठेवतोय न ठेवतोय तोच हा गृहस्थ माझ्या खाटेखाली वाकून विंचू शोधू लागला. विंचू सापडला नाही, तेव्हा त्याचा चेहरा जरा पडलाच. "आज नाही, पण येईन तो," म्हणाला. "बूट झटकल्याशिवाय पाय घालू नको बे." आठवड्याभरात साऱ्या वसतिगृहाने त्याचं नाव सिव्हिल सर्जन ठेवलं, आणि त्याला ते नाव आवडलं, ही त्यातली खरी दुःखाची बाजू.

सर्जनचा दिवस पहाटे कडुनिंबाच्या काडीने सुरू होई. काडी तो झाडावरून स्वतः तोडत असे, कारण दुसऱ्याने तोडलेल्या काडीला त्या दुसऱ्याचे हात लागलेले असतात. मग स्टोव्ह. त्या स्टोव्हशेजारी वाळूची बादली असायची. स्टोव्ह भडकलाच तर असावी म्हणून. स्टोव्ह कधी भडकला नाही. मात्र अंधारात त्या बादलीला ठेचाळून माझ्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं. पाणी उकळून, फडक्यातून गाळून, निववून तो ते पीत असे, आणि तोवर तहान मारून बसत असे. जेवताना बोलणं बंद. घास दळून दळून खायचा, त्यामुळे आम्ही हात धुऊन, दोन डाव पत्ते खेळून परत आलो तरी हा अजून वरणभाताच्या अलीकडेच. खानावळीचे महाराज ताटाकडे बघत उभे राहायचे आणि शेवटी कंटाळून त्याच्या आजूबाजूची जमीन सारवून घ्यायचे. शिंक आली तर तो भिंतीकडे तोंड करी. दुसऱ्याला शिंक आली तर स्वतःच भिंतीकडे तोंड करी आणि बराच वेळ तसाच उभा राही, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखा.

उन्हाळ्यात खिशात कांदा. आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून पुष्कळ लोक कांदा बाळगतात. पण सर्जन दोन्ही खिशांत बाळगायचा, शरीराचा तोल जाऊ नये म्हणून. एकदा इंग्रजीचे प्राध्यापक एका विरहाच्या कवितेत अगदी आत शिरले होते, त्यांचे डोळे मिटले होते, वर्गही पेंगत होता. आणि सर्जनचा कांदा खिशातून निसटून पायऱ्यापायऱ्यांच्या त्या वर्गात टप् टप् करत खाली गेला, थेट टेबलापर्यंत. प्राध्यापकांनी तो उचलून विचारलं, "हे कोणाचं आहे?" सर्जन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमच्यापाशीच ठेवा. तुमी छत्री नाई आणत." पुढे महिनाभर ते प्राध्यापक छत्री घेऊन येत होते. कांद्याचं काय केलं ते कळलं नाही.

सायकल तो चालवायचा, पण वळण आलं की उतरून वळण पायी पार करायचा. सिनेमाला यायचा, पण दाराशेजारची जागा मिळाली तरच; आणि झोपेची वेळ झाली की मध्यंतरात उठून जायचा. त्या काळातल्या साऱ्या चित्रपटांचा पूर्वार्ध त्याने पाहिला होता. सकाळी नमस्कार घालता घालता तो मला विचारी, "मंग? ते पोरगी सापडली काय?" मी त्याला मनाला येईल तो शेवट सांगत असे. कित्येक नायिका मी अशा विनाकारण मारल्या, आणि प्रत्येकीसाठी तो हळहळला. "डाक्टर वेळेवर आणला नसन," एवढंच त्याचं मत असे.

हॉटेलात जाताना पितळेचा कप तो सोबत न्यायचा. यावरून मात्र एकदा भांडण होता होता राहिलं. आमच्यात पुसदकडचा एक मुलगा होता. छप्पन सालानंतर त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतलेला. मोठा तिखट मुलगा. त्याने तो कप पाहिला, हॉटेलातला पेला बाजूला सरकवलेला पाहिला, आणि सरळ विचारलं, "काहून बे? आमी पेलेल्या पेल्यात तुले चालत नाई काय?" हॉटेलवाला फडकं घेऊन आतच गेला. सर्जनला प्रश्नातला निखारा कळलाच नाही. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "तुमचंच कायले? माझ्या बापाच्या पेल्यातबी चालत नाई मले. माझ्या बापाची नखं पाह्यली काय तू?" पुसदवाला असा हसला की चहा त्याच्या नाकातून आला. त्यावर अर्थातच सर्जनने भिंतीकडे तोंड केलं. "जात न बघता साऱ्या जगाचा विटाळ मानणारा मानूस पहिल्यांदा भेटला," असं तो पुसदवाला नंतर सगळ्यांना सांगत फिरे. इतर काही घरंदाज मुलं कप सोबत न आणताही जे पाळत होती, त्यापेक्षा सर्जनचा कप त्याला स्वच्छ वाटला असावा.

एवढ्या तयारीचा हा माणूस, पण पटकीची सुई टोचणारे लोक कॉलेजात आले त्या दिवशी सापडेना. साऱ्या मुलांनी दंड पुढे केले, कण्हले, मोकळे झाले, सर्जन गायब. शेवटी तो गोदामाच्या मागे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड सापडला. रेक्टरसाहेबांनी विचारलं, "अरे, तू तर आरोग्यावर भाषणं देतोस!" तेव्हा म्हणाला, "सर, मी आजार होऊच देत नाई. मंग सुई कायले?" त्याला चौघांनी धरून आणलं. सुई टोचण्याआधीच त्याने किंचाळून घेतलं, त्यामुळे टोचल्यावर करायला काही उरलं नाही.

दुसऱ्या वर्षी, वार्षिक परीक्षा तोंडावर आली असताना, मला ताप आला. आधी वाटलं उन्हाचा असेल, पण तो उतरेना. डॉक्टर आले, जीभ पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाले टायफाईड. हलवायचं नाही, गाडीत बसवायचं नाही, आतडी नाजूक झालेली असतात. घरी तार करा. आता आमच्या गावाला तार पोचायची म्हणजे ती पांढरकवड्यात उतरून, कुणीतरी बाजाराला आलेला माणूस बघून, त्याच्या बैलबंडीत बसून जायची. तोवर मी आणि माझा ताप. बातमी फिरली तशी पडवी ओस पडली. जे मित्र माझ्या साबणाने अंघोळ करत आणि माझ्या टॉवेलने तोंड पुसत, ते दारातून हात हलवून जाऊ लागले. कुणी मोसंबी आणली, बसला, बोलता बोलता स्वतःच सोलून खाल्ली आणि "लवकर बरा हो" म्हणून गेला. आता सर्जन काय करतो याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. तो खोली बदलणार यावर पैज लावायला कुणी मिळत नव्हतं, इतकी ती गोष्ट ठरलेली होती.

आणि त्याने खाट उचललीही. डॉक्टरांची पाठ वळताच त्याने आपली खाट, मच्छरदाणी, वाळूची बादली असा सगळा संसार बाहेर पडवीत हलवला. मी तापातही हसलो. पण खाट त्याने नेऊन ठेवली ती आमच्या खिडकीला लावून. मग तोंडाला फडकं बांधून, हात जांभळ्या औषधाच्या पाण्याने धुऊन तो आत आला. पेजेची वाटी त्याने लांबूनच पुढे केली. खानावळीतून वरणाचा मोठा पळा आणला होता आणि हात पूर्ण लांब करून, तोंड भिंतीकडे फिरवून, त्या पळ्याने तो मला भरवू लागला. निम्मी पेज गळ्यात, निम्मी उशीवर. "इकडे पाह्य बे," मी म्हटलं. "तोंड बंद ठेव," तो भिंतीला म्हणाला, "अन् खाताना बोलू नको." रोज चादर उकळायची, भांडी उकळायची, दूध उकळायचं. माझं बेडपॅनसुद्धा त्यानेच धुतलं, डोळे मिटून आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत. काय ते मी विचारलं नाही. शिव्या असाव्यात. त्याचे हात त्या औषधाने कोपरापर्यंत जांभळे झाले होते, वांग्यासारखे.

परीक्षेचा पहिला पेपर आला तेव्हा मी बडबडत होतो. मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. हे सगळं नंतर महाराजांनी सांगितलं. सर्जनने महाराजांना माझ्या उशाशी बसवलं, साबण त्यांच्या हातात दिला, हात धुवायचे कसे ते करून दाखवलं आणि पेपरला गेला. महाराज भल्या पहाटेपासून चुलीपाशी उभे. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मी कधीतरी उठलो आणि भिंतीला धरत धरत बाहेर पडलो. मला म्हणे आमच्या गावची नदी दिसत होती. वसतिगृहाच्या आवारातली विहीर जुनी, कठडा गुडघ्याएवढा. मी त्या कठड्यावर पाय आत सोडून बसलो होतो.

सर्जन पेपरमधून अर्ध्यातच उठून आला होता. त्याला एकाएकी आठवेना, दूध उकळायचं महाराजांना सांगितलं की नाही. तो फाटकातून "महाराज, दूध उकयलं काय?" असं ओरडतच शिरला आणि त्याने मला पाहिलं. महाराज जागे होऊन दारात येईपर्यंत हा माझ्यामागे पोचला होता. विहिरीच्या जवळपासही न फिरकणारा तो माणूस. त्याने मला काखेत हात घालून मागे ओढलं, आम्ही दोघं चिखलात पडलो, आणि तरीही त्याने मला सोडलं नाही. मला मिठी मारून तो रडत होता आणि रडता रडता मोठ्याने सांगत होता, "कठड्यावर बसू नये! बसू नये कठड्यावर! कितीदा सांगतलं बे तुले!" महाराज म्हणत, "तोंडाचं फडकं कुठं गेलं, त्याले पत्ता नव्हता."

रेक्टरसाहेबांनी त्याला पेपर सोडून का आलास विचारलं. "सर, हालमध्ये हवा खेळत नव्हती," तो म्हणाला. उरलेल्या पेपरांनाही तो गेला नाही. तो हॉल त्याला मानवत नव्हता म्हणे. मुलं हसली. हवा न खेळल्यामुळे वर्ष गेलेला पहिला विद्यार्थी म्हणून ती गोष्ट कॉलेजात पुढे कित्येक दिवस चालली, आणि मी व महाराज सोडले तर कुणी ती बदलायचा प्रयत्न केला नाही. त्याने तर नाहीच.

आई आली तेव्हा ताप उतरणीला लागला होता. ती धावत माझ्याकडे आली तर हा दारात आडवा. "काकू, हात धुतले काय?" आई खवळली. "अरे बाप्पा, मी कोन्या मेल्या ढोराले हात लावून आली काय?" "तरीबी धुवा. नखं दाखवा." आईने नखं पुढे केली. मग माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "माही सासू गेली तवा वाटलं सुटली मी. हा कुठून आला?" पण दोन दिवसांनी मी पाहिलं, तर ती त्याच्या जांभळ्या हातांना खोबरेल लावत होती आणि तो खाटेवर लहान मुलासारखा दोन्ही हात पुढे करून बसला होता.

पुढच्या वर्षी बापाने त्याला कॉलेजात पाठवलं नाही. एक वर्ष वाया गेलं तेवढं पुरे म्हणाला, आणि अडतीवर बसवला. मी ते वर्ष पुन्हा केलं, शिकलो, नोकरीला लागलो. ढाणकीला जायचं राहत गेलं. गेलो तो सात-आठ वर्षांनी, कामानिमित्त, बाजाराच्या दिवशी. गादीवर बसला होता. अंगाने सुटला होता, तोंडात पान, समोर कागदावर गाडीवरची भजी. मी म्हटलं, "काय बे सर्जन, हे चालते?" तो खूप हसला. "कालेजात टाईम होता बे भेवाले. आता दोन बहिनींचे लग्नं, चार पोरं, बाप खाटेवर. मराले फुरसत नाई, भेवाची कुठून आनू?" मी त्या पेपरचा विषय काढला. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं करून एका गिऱ्हाइकावर उगाच आवाज चढवला.

मग म्हणाला, "काकू कशी हाय?"

"गेली," मी म्हटलं. "मागच्या साली."

त्याने तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकलं, चूळ भरली आणि परत येऊन बसला. "कायनं?"

"काहीच नाही. झोपेतच गेली."

"म्हंजे तरास नाई झाला," तो म्हणाला, आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिला. गिऱ्हाइकं हाका मारत होती. त्याचं लक्ष नव्हतं. माझ्या बसची वेळ झाली तसा तो दुकान तसंच टाकून माझ्याबरोबर निघाला. बस सुटता सुटता खिडकीशी आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले कळवाचं होतं बे. मी आलो असतो."

गाडी हलली. बाजाराच्या गर्दीत तो बराच वेळ दिसत राहिला, उघड्या डोक्याने, भर उन्हात.