पुन्हा शिवलेला पडदा

दाजींचा फोन आला तेव्हा मी आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचांच्या बैठकीची विषयपत्रिका लिहीत होतो. चौथा विषय माझ्या सख्ख्या बहिणीचा होता : अक्काला प्रभुभोजनात, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याच्या विधीत, पुन्हा घ्यावं की नाही. "गेली रे तुझी अक्का..." एवढंच दाजी म्हणाले. तो विषय खोडायला माझा हात उचलेना.

मी मंडळीचा चिटणीस. अक्कानं हिंदू घरात, दाजींशी लग्न केलं, तेव्हापासून नियमाप्रमाणे तिचं प्रभुभोजन बंद झालं. लेखी पश्चात्ताप दिला तरच पुन्हा. तरीही ती दर रविवारी सासरच्या गावाहून, केलगेरीहून, उपासनेला यायची, मागच्या बाकावर बसायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट मी बाकाबाकांतून फिरवायचो. तिच्यापाशी आलो की ती गुडघे बाजूला घ्यायची, मला पुढं जाता यावं म्हणून. बावीस वर्षं. तेवढ्या वर्षांत ताट हातात असताना मी तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही.

आणि बायबलच्या जुन्या-नव्या करारातला फरक मला लहानपणी तिनंच शिकवला होता... संडे स्कूलमध्ये ती सांगायची, जुन्या कराराचे नियम दगडी पाट्यांवर होते, माणसं ते मोडत राहिली, आणि मंदिरातल्या पडद्याआड देवाजवळ फक्त महायाजक, म्हणजे मुख्य पुरोहित, जायचा, तोही वर्षातून एकदा, बळीचं रक्त घेऊन. नव्या करारात ख्रिस्तानं स्वतःचंच रक्त दिलं, तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, नियम काळजात लिहिला गेला, आणि आत जायला कुणाच्या परवानगीची गरज उरली नाही. परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पाठ होतं सगळं.

तिच्या आजारपणातल्या शेवटच्या शनिवारी ती उशीला टेकून म्हणाली, "तम्मा, उद्या भाकर आणतोस काय घरी?" धाकट्या भावाला ती कानडीतच हाक मारायची.

"बुधवारी बैठक आहे, अक्का. पश्चात्तापाच्या दोन ओळी लिहून दे, पुढचं मी सांभाळून घेतो."

"लग्नाचा पश्चात्ताप? तुझ्या दाजींना विचार, त्यांना झाला असंल." दाजी दारात उभे होते, ते हसले. ती मात्र माझ्याकडे वळली... "फाटलेला पडदा तुम्ही पंचांनी परत शिवलाय बघ. आणि टाके तुझे हायेत, तम्मा. लई सुबक."

मी घड्याळ बघून उठलो. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, आजाऱ्याला घरी जाऊन भाकर देतात, मी एक शब्द टाकायचा होता. टाकला नाही. मंगळवारी ती गेली.

परवा, महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर केलगेरीला गेलो. दाजी एकटेच जेवायला बसले होते. ताटातली ज्वारीची भाकरी मोडून त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "ताट फिरायच्या रविवारी ती घरी आली की असंच करायची. भाकरी मोडायची आणि पहिलं तुझं नाव घ्यायची. तम्माला सांभाळ म्हणायची. मला तुमची प्रार्थना येत नाही रे. मी नुसतं तुझं नाव घेतो..." मग जरा कचरत त्यांनी विचारलं, "तुमच्यात चालतंय काय असं?"

असल्या प्रश्नांची उत्तरं मी आजवर नियमांची वही उघडून दिली.

"चालतंय, दाजी," मी म्हणालो, आणि त्या मोडलेल्या भाकरीसाठी त्यांच्यासमोर दोन्ही हात पुढं केले.