बाळ कुणावर गेलं

धाकट्या भावाच्या मुलाचं बारसं झालं. भाऊ खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे, म्हणून आम्ही घरचीच अकरा माणसं होतो. पाळण्याभोवती बायकांची नेहमीची वाटणी सुरू झाली. नाक आईचं, रंग आजीचा, हनुवटी मामाची. बापाच्या वाट्याला कुणी काहीच दिलं नाही. खरं तर अख्खा चेहरा त्याचाच होता.

बाळ मुठी आवळून रडायला लागलं. "अगंबाई, राग बघा, अगदी..." एवढं बोलून त्याची मामी घाईघाईनं पाळणा हलवायला लागली.

गुन्हा रक्तातून येतो, असं अधूनमधून पेपरात वाचतो. मग त्याच आईबापाच्या पोटचा मी बावन्न वर्षांत कुणाला चापटही मारली नाही, हे कसं जुळवायचं? आणि रक्तातून येत नसेल, तर भावानं असं का केलं, तेही मला सांगता येत नाही.

"भाऊजी, खरं सांगा, कुणावर गेलाय?" भावजयीनं हळूच विचारलं.

"माझ्यावर," मी म्हणालो. "भुवया बघ ना."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हा दोघा भावांच्या सारख्याच आहेत," ती म्हणाली, आणि बाळाचं टोपरं तिनं डोळ्यांपर्यंत खाली ओढलं.