अर्जातली शेवटची ओळ

वसतिगृहाच्या कार्यालयात मी प्रवेशाचे अर्ज तपासतो. बहुतेक अर्जांची शेवटची ओळ एकच असते : 'तरी माणुसकीच्या दृष्टीने विचार व्हावा.' ही ओळ दिसली की मी ती लाल पेनाने खोडायचो आणि म्हणायचो, "नियम लिहा." शेजारच्या टेबलावरचा बाबू हसायचा. "लय बारीक चाळणी हाये गा तुही!" मला ते कौतुक वाटायचं. घरातला पहिला पदवीधर मी. नियम माहीत असण्याचा मला फार अभिमान होता.

गेल्या वर्षी, अर्ज घेण्याच्या शेवटच्या दिवशी, भंडाऱ्याकडची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीला नागपुरात कॉलेज मिळालं होतं, राहायची सोय नव्हती. वसतिगृहात एकच जागा उरली होती. कागद सगळे बरोबर होते. खाली तीच ओळ होती.

मी ती खोडली. "कोणत्या नियमाने जागा मागता, ते टाइप करून आणा."

"काहून जी, चुकलं का? आमच्या मास्तरनं सांगतलं, असंच लिवा लागते."

"मास्तरला काय कळतं?"

हे मी म्हणालो. ज्या अर्जावर मला याच शहरातल्या वसतिगृहात पहिली खाट मिळाली, तो आमच्या गावच्या मास्तरांनी लिहून दिला होता. त्याच्याही शेवटी हीच ओळ होती.

दोघी उन्हातून समोरच्या टायपिंगवाल्याकडे गेल्या. तिथे रांग होती. परत आल्या तेव्हा पाच वाजून गेले होते आणि अर्ज घेणं बंद झालं होतं. मी धावत साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "नियम तर तुम्हीच सांगता सगळ्यांना."

बाहेर येऊन मी बाईला पाणी दिलं. ती म्हणाली, "जाऊ द्या जी भाऊ. तुम्ही आमच्यासाठी धावले. एवढी माणुसकी कोण दाखवते?"

अर्ज होता तसाच चालला असता, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी रिकामा ग्लास परत घेतला.

पुढे एकदा संध्याकाळी ती मुलगी बसस्टँडवर दिसली, दप्तर छातीशी धरून भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहत. रोज जाऊन-येऊन शिकत असावी. तिने मला ओळखून हात जोडले. मी मोबाईल कानाला लावला. फोन कोणाचाच आला नव्हता.