फासेतात्यांचा सरदार

फासेतात्या पाखराची मान मोडत तेव्हा आवाज होत नसे. पाखराचा नाही आणि हाडाचाही नाही. समोरच्याशी बोलत बोलत ते हे काम उरकत. "वरडू दिलं की मांस कडू होतं," असं सांगत. ते खरं नव्हतं. त्यांना ओरडणं आवडत नसे, एवढंच.

ओझरच्या पुढे, माझ्या मामाच्या शेजारी त्यांचं घर. गावामागच्या माळावर तितर धरणं हा त्यांचा नाद. पद्धत जुनी. पिलापासून वाळवी चारून वाढवलेला नर पिंजऱ्यात ठेवायचा आणि भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे. पिंजऱ्यातला नर बोलला, की आपल्या हद्दीत कोण आला म्हणून माळावरचा नर भांडायला धावतो आणि अडकतो. तात्यांच्या नराचं नाव सरदार. एरवी तो मोकळा असे. तात्या शेतावर निघाले की पायवाटेनं मागोमाग चालायचा. वळणावर तात्या थांबून मागे बघत, तो दिसला की पुढे होत. "माझ्यासाठी कधी थांबले नाय," असं त्यांची बायको शेवटपर्यंत सांगत होती.

एका उन्हाळ्यात सरदार सकाळभर बोलला आणि माळावरून उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तात्या घरी आले, फासे चुलीत घातले. "संपवली आपण," मामाला म्हणाले आणि जेवायला बसले.

शिकार कायद्यानं बंद होतीच. गावात ती तात्यांनी बंद केली. मादी गवतात अंडी घालते म्हणून माळ पेटवणंही बंद केलं. एकदा गावातला एक जण फास लावताना सापडला. तात्यांनी त्याचाच फास त्याच्या अंगठ्यात अडकवला आणि नख काळं पडेपर्यंत ओढून धरला. तो रडायला लागला तेव्हा म्हणाले, "पाखराची मान अडकती. तुझा अंगठाच हाय. नशीबवान हायेस." पुढे त्याचं नख गळून पडलं. माळावर मात्र पुन्हा फास दिसला नाही.

काही वर्षांनी सरदारच्या बोलण्याला माळावरून उत्तर आलं. त्या दिवशी तात्यांनी मामाकडे साखर पाठवली.

मागल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते शहरात, इंदिरानगरला आमच्याकडे राहिले. मी त्यांना गावी सोडायला गेलो, तेव्हा त्यांचा मुलगा संतोष ओट्यावर बसला होता. पिंजऱ्याच्या फडक्याला माळावरची कुसळं चिकटली होती. तात्यांनी ती बोटांनी चाचपली.

"बोलला का रे?"

"लय बोलला, तात्या!" संतोष हरखून म्हणाला. "दोन नर आले. मित्र म्हणाले, असं मटण कुठंच नाय." एवढं बोलल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं.

तात्यांनी पिंजरा उघडला आणि ते घरामागं चालू लागले. सरदार नेहमीसारखा मागे निघाला.

"तात्या, मला मारा. त्याची काय चूक हाय?"

"चूक नाय. आवाज हाय त्याला. तो हाय तोवर कुणीबी त्याला माळावर नेईल."

"मग माळावर सोडून द्या."

"माणसामागं चालतो तो. पहिला दिसंल त्याच्या मागं जाईल."

परसात तात्या खाली बसले. सरदार त्यांच्या मांडीवर चढला. आवाज झाला नाही. तात्यांनी तो संतोषच्या हातात दिला. "शिजव. मित्रांना बोलव."

संतोषनं त्याला बांधाखाली पुरलं आणि त्याच आठवड्यात ओझरला खोली घेतली. त्यानंतर बापलेकांचं बोलणं झालेलं नाही.

परवा गावी गेलो होतो. तात्यांबरोबर माळाच्या पायवाटेनं निघालो. एका झुडपातून तितर बोलला, दुसरीकडून लगेच उत्तर आलं, मग तिसरीकडून.

"तात्या, बरीच झाली की."

"झाली," ते म्हणाले. वळण आलं तसे थांबले आणि मागे बघत राहिले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो.