नर्स ‘खलास’ म्हणाली, आणि आम्ही घरी बसलो

“मूत्राशय में गाठ है, कॅन्सर की है,” डॉक्टर म्हणाले तेव्हा आमचे हे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर धूळ उठली होती, समोरची इमारत ताकात बुडाल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नात येऊन बसलोय.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट, आम्ही आखातात होतो तेव्हाची. ह्यांची नोकरी अल क्वोजच्या गोदामात. आधी एकदा लघवीतून लाल गेलं होतं. दुखलं काहीच नाही, म्हणून हे म्हणाले, “बीट खाल्लं असेल.” घरात कुणी असं म्हणालं ना, तर ऐकू नका बरं.

गाठ दुर्बिणीतून काढली. मग बीसीजी. हो, लहान मुलांना क्षयासाठी टोचतात तीच लस! आठवड्याला एक, असे सहा डोस नळीने मूत्राशयात सोडतात. शरीराचे पहारेकरी जागे होतात आणि उरलेल्या वाईट पेशींवर धावून जातात. ह्याला इम्युनोथेरपी म्हणतात. औषध दोन तास आत धरायचं आणि दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. मी घड्याळ घेऊन पलंगाशी बसायची. हे अर्धवट झोपेत म्हणायचे, “खोर फक्कानच्या समुद्रात तरंगतोय गं.”

“तरंगा, पण आता डावीकडे.”

सहाव्या आठवड्याला नळी काढून अरबी नर्स हसली, “खलास, अंकल!”

आम्हाला वाटलं, आजार खलास. घरी येऊन शिरा केला. तीन महिन्यांनी सिस्टोस्कोपी, म्हणजे आत कॅमेरा घालून तपासणी, अशी चिठ्ठी होती. हे म्हणाले, “ते सगळ्यांनाच लिहून देतात.” चिठ्ठी फायलीत राहिली. वर्षभराने ती आमच्या सईच्या हाती लागली.

“मम्मा! शी मेन्ट द सिक्स डोसेस आर ओव्हर. नॉट द कॅन्सर!”

कॅमेऱ्यात दोन नव्या गाठी दिसल्या. मी डॉक्टरांना विचारलं, पहारेकरी उभे केले होते ना, मग?

“भाभीजी, पहरेदार थक जाते हैं. और कुछ सेल्स ऐसा भेस बदलती हैं कि पहचान में नहीं आतीं. इसलिए झाँकते रहना पड़ता है.” गाठी अजून वरवरच्या आहेत, स्नायूत शिरल्या असत्या तर अख्खं मूत्राशय काढावं लागलं असतं, असंही म्हणाले. रागावले नाहीत. तेच मला फार लागलं.

गाठी काढल्या. पुन्हा सहा आठवडे, पुन्हा घड्याळ. तीन महिन्यांनी आम्ही सांगितल्या दिवशी हजर. हे आत गेले. बाहेर एसीच्या गार हवेत सगळी माणसं पाण्याखाली बसल्यासारखी गप्प होती. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले.

“आज तो बिलकुल साफ है,” डॉक्टर म्हणाले.

“म्हणजे आता येणार नाही?” ह्यांनी मला मराठीतच विचारलं.

मी उठले. काउंटरवर जाऊन पुढची तारीख लिहून घेतली आणि पर्स घट्ट बंद केली.

परतताना सई गाडी चालवत होती. हे मागे माझ्या खांद्यावर झोपले. मी तिला म्हटलं, “हळू घे गं.” बाहेर दुपारचे तीन वाजले होते आणि दिवस अजून पुष्कळ उरला होता.