स्थळअक्कांचा ग्रुप

स्थळअक्का एखाद्या मुलीचा बायोडाटा दाखवायच्या तेव्हा फोन स्वतःच्याच हातात ठेवायच्या आणि पत्ता, नंबर, जन्मवेळ यांवर अंगठा दाबून धरायच्या. "पसंत असेल तर तिच्या आईला विचारते. मग अंगठा काढते."

त्या जयनगरमधल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी घरातल्या. नोकरीमागून बंगळुरूला आलेल्या आमच्यासारख्या घरांतल्या मुलींची लग्नं त्या जमवायच्या. त्यासाठी आयांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. फोनवर अनोळखी माणसाने स्थळ विचारलं की उलटतपासणी सुरू. "आजोळ कुठलं? मामांचं नाव?" उत्तर अडखळलं की फोन बंद. मी चारचौघांत बोलू न शकणारी. माझ्यासाठी कुणीतरी असं भांडतंय, याचा मला फार धीर वाटायचा.

एका सकाळी के. आर. पुरमला मेट्रोची वाट पाहताना मला त्यांचा मेसेज आला. 'आपल्या आधार कार्डाचा फोटो पाठवा. स्थळ चांगले आहे.' अक्का असं मेसेजवर कधीच मागायच्या नाहीत, आणि मला 'आपल्या' तर मुळीच म्हणायच्या नाहीत. मी सरळ फोन लावला.

"मी कशाला मागू ग?" त्या म्हणाल्या. "माझं व्हॉट्सअ‍ॅप सकाळपासून उघडतच नाही. मुरलीला तो सहा आकड्यांचा कोड पाठवला, तेव्हापासून."

मुरली म्हणजे त्यांचा भाचा. चोराने आधी त्याचं खातं घेतलं आणि मग त्याच्या नावाने अक्कांकडे त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा कोड मागितला.

"अक्का, त्याला फोन करून विचारलं नाहीत?"

"मुरलीचा फोटो होता ग वर. घरच्या पोराला काय विचारायचं?"

एवढ्या वेळात कितीतरी आयांनी मुलींची कार्डं पाठवली होती. माझ्या आईनेही.

आम्ही पोलिसांत तक्रार केली. खातं मिळेल, पण चोराने स्वतःचा पिन लावलाय, थोडे दिवस थांबावं लागेल, असं तिथे सांगितलं. "आणि पोरींची कार्डं?" अक्कांनी विचारलं. "ती आता परत येत नाहीत," साहेब म्हणाले.

अक्का थांबल्या नाहीत. फोनवर आता कुणी विश्वास ठेवेना, म्हणून गुडघे दुखत असताना त्या घरोघर जाऊ लागल्या. सुट्टीच्या दिवशी मी सोबत असायची. "ती मी नव्हे. काही पाठवू नका. पाठवलं असेल तर बँकेत कळवा." चिकपेटच्या साडीवाल्या काकूंनी आम्हाला बसाही म्हटलं नाही. "तुम्ही मागितलंत म्हणून दिलं, अक्का. दुसऱ्या कुणाला दिलं असतं का? उद्या पोरीच्या नावावर कुणी कर्ज काढलं तर?" अक्का जिन्यातच बसल्या. "खरं आहे तिचं," एवढंच म्हणाल्या.

खातं परत मिळालं त्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते. आधी मी पिन लावून दिला. मग त्यांनी एका बोटाने ग्रुपवर लिहिलं, 'मी अक्का. परत आले. खरंच मीच आहे.'

मग एकेक ओळ उमटू लागली. अमकीने ग्रुप सोडला. तमकीने ग्रुप सोडला. अक्का प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होत्या. "जाऊ देत. शहाण्या झाल्या. असंच पाहिजे."

वाचणं चालूच होतं. मग माझ्या आईचं नाव आलं.

ते त्यांनी वाचलं नाही. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कॉफी घेतेस का स्वल्प, थोडीशी?"