गुरुजींच्या मशीनमधले शब्द

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही गुरुजींना ओळखत नाही — आणि मलाही.

वाशी या आमच्या तालुक्याच्या गावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गुरुजी आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक, माझं ठरलेलं गिऱ्हाईक. मशीन हळू झालं, व्हायरस शिरला, की माझ्याकडं. मी विंडोज टाकून द्यायचो — चोरीचंच, विकत कोण घेतंय? मग त्यांची मुलगी वैशाली पुण्याहून आली आणि तिनं त्याच जुन्या मशीनवर विंडोज काढून लिनक्स टाकलं. फुकट, तरी रीतसर. मशीन पळायला लागलं. गुरुजी दुकानावरून जाताना सांगायचे, "आता व्हायरस न्हाय, काय न्हाय." मी हसायचो, पण झोंबायचं. लिनक्स मला येत नव्हतं — हे कबूल करायला जीभ कुठं वळत होती? फुकटच्या सिस्टिमचा काय भरवसा, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

गुरुजी त्या मशीनवर आपल्याकडच्या बोलीतले शब्द गोळा करत होते. माकणी, ढोकी, कुठल्या कुठल्या गावांना एसटीनं जायचे, म्हाताऱ्या बायांजवळ बसायचे, घरी येऊन टाइप करायचे. वर्षानुवर्षं. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

एकदा त्यांचा नवा प्रिंटर लिनक्सवर चालेना. वैशालीला फोन करून विचारता आलं असतं. मी म्हणालो, "लिनक्सच्या शेजारी विंडोजही टाकून देतो, गुरुजी. तुमचं सगळं तसंच राहील." ते विश्वासानं घरी गेले. विंडोज टाकताना पडद्यावर डिस्कचे नुसते निनावी भाग दिसत होते. कशात काय आहे, कळेना. थांबायला हवं होतं — मी फॉरमॅट मारला, सगळं पुसून टाकलं.

गुरुजी आले, तर एकही फाइल सापडेना. तेव्हा मी म्हणालो, "लिनक्सनं खाल्लं, गुरुजी. मी उघडलं तेव्हाच रिकामं होतं."

त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला. स्पीकरवर ती म्हणाली, "आप्पा, मशीन बंद करा. कुणी हात लावू नका. मी येते, बरंचसं परत काढता येईल."

इथवर घाबरून झालं, असं तरी म्हणता येईल. पुढचं? गुरुजी मशीन माझ्याकडंच ठेवून गेले. तिनं फाइली काढल्या, तर कुणी पुसल्या तेही निघेल — मला दुसरं काही सुचेना. मी मशीन चालू केलं आणि डिस्क काठोकाठ भरली. गाणी, सिनेमे, हाताला लागेल ते. पुसलेल्यावर नवं चढलं, की खालचं परत निघत नाही, म्हणून. मग ती पुन्हा रिकामी केली.

वैशाली आली. दिवसभर खटपट करून शेवटी तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. बापाला मात्र एवढंच म्हणाली, "कॉपी ठेवायला पाहिजे होती, आप्पा. चुकलं माझं."

"तुझंच चुकलं," गुरुजी म्हणाले. "फुकटचं आणून बसवलंस."

मी तिथंच उभा होतो. मी चहा सांगितला.

गुरुजींनी पुन्हा टाइप केलं नाही. शब्द सांगणाऱ्या कितीतरी बाया आता राहिल्या नाहीत. वैशाली सणाला येते, तेव्हा बाप लेकीशी कामापुरतं बोलतो. आणि कुणाचं मशीन बिघडलं, की गुरुजी त्याला माझ्याकडं पाठवतात — खात्रीचा माणूस आहे, म्हणतात. मी ते मशीन ठेवून घेतो.